तुम्ही गाडीने या, मी ट्रेनने जाते

नायगारा मी दोनदा पाहिलाय. पण मला विचाराल तर नायगारा म्हणजे पान नंबर सात. इंटरनेटवरून छापून घेतलेल्या रस्त्याच्या कागदांतलं सातवं पान. ‘अर्ध्या मैलावर उजवीकडे राहा’ असं त्यावर लिहिलं होतं आणि आम्ही डावीकडे राहिलो. धबधबा पहिल्यांदा दिसू लागला तेव्हा माझी मान खाली होती. वर केली तोवर गाडी पार्किंगमध्ये शिरत होती आणि प्रफुल्ल माझ्याशी बोलत नव्हता.

प्रफुल्ल माझा नवरा. समोर मी त्याला अहो म्हणते, कागदावर नावाने लिहिलं तर चालतं. स्वभावाने चांगला. घरात आवाज चढवत नाही, भांडी घासतो, माझ्या माहेरच्यांशी माझ्यापेक्षा जास्त वेळ फोनवर बोलतो. पण गाडीत बसला की आमच्या नेमणुका ठरलेल्या. चाक त्याच्याकडे, कागद माझ्याकडे. रस्ता चुकला की चूक चाकाची नसते आणि कागद तर इंटरनेटचा, तो कसा चुकेल? उरले मी. “शोभा, वेळेवर सांगता येत नाही का?” इथून सुरुवात व्हायची, मग पुढचे पन्नास मैल गाडीत फक्त एसीचा आवाज.

अशी मी सगळी अमेरिका वाचून काढली. पाहिली नाही, वाचली.

म्हणून २००५ सालच्या नोव्हेंबरात इटलीला जायचं ठरलं, तेव्हा मी मनाशी एकच गोष्ट पक्की केली. या वेळी समुद्र मी बघणार. माझ्या मांडीवर कागद असणार नाही.

इटली निघाली ती माझ्यामुळेच. प्रफुल्लची रजा साठली होती आणि डिसेंबरपर्यंत घेतली नाही तर बुडणार होती. नागपूरला जानेवारीत पुतण्याच्या लग्नाला जायचंच होतं, त्यामुळे आत्ता पुन्हा तिकडे नको. माझ्या ऑफिसात अँजेला नावाची इटालियन बाई आहे. तिची आजी तिथल्या समुद्रकाठच्या एका गावातली. कड्यावर चिकटवल्यासारखी पाच गावं, रंगीत घरं, खाली पाणी. तिच्या टेबलावर त्याचा फोटो आहे, आणि इन्शुरन्सचे क्लेम टाइप करता करता मी तो किती वर्षं बघत होते कोण जाणे. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. नोव्हेंबरात पाऊस, वारा, निम्मी हॉटेलं बंद, बोटी बंद. “पण गाव गावासारखं असतं तेव्हा,” अँजेला म्हणाली. मला तेच हवं होतं.

मग मी आमच्या गावातल्या, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या लायब्ररीतून पुस्तकं आणली, इटालियन शिकायच्या कॅसेट आणल्या. मी बारावीनंतर कॉलेजात गेले नाही. इंग्रजी, टायपिंग, कंप्युटर, जे काही आलं ते असंच, लायब्ररीच्या जोरावर आणि कोणाला न विचारता. रोज सकाळी न्यूअर्कच्या ट्रेनमध्ये कानाला वायर लावून पुटपुटत जायचे. शेजारची माणसं उठून दुसरीकडे बसायची. मला खिडकी मोकळी मिळायची.

प्रफुल्लने जागेवरून न हलता जाहीर केलं, “गाडीच घ्यायची. मिलानला उतरलं की एअरपोर्टवरच रेंटल. ऑफ सीझन आहे, रस्ते रिकामे, पार्किंगला चिटपाखरू नसेल.”

“त्या गावांत गाडी जात नाही. बाहेर ठेवावी लागते.”

“मग ठेवू बाहेर.”

“आणि बाहेरून गावात कसं जायचं?”

“चालत. नाहीतर...” तो थांबला.

“ट्रेनने,” मी म्हटलं.

त्याने वरणाचा भुरका मारला. “आणि कुकर? कुकर काय डोक्यावर घेऊन चढणार आहेस ट्रेनमध्ये?”

कुकर हा आमच्या प्रत्येक प्रवासातला तिसरा माणूस. भाताचा, विजेवर चालणारा. डिकीत पहिली जागा त्याची. मोटेलच्या खोलीत दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायचा, बाथरूममधला पंखा लावायचा आणि गरम भातावर तूप-मेतकूट. तसं न करणारं एकही घर मला एडिसनमध्ये माहीत नाही.

“तिथली वीज भारतासारखी आहे, इथल्या दुप्पट,” मी म्हटलं. “आपला कुकर लावलात तर भात नाही, होळी होईल.”

“तुला कोणी सांगितलं?”

“पुस्तकात आहे. पान सांगू?”

कुकर गळला. पण प्रफुल्ल गळणारा नव्हता. दोन दिवसांनी तो ऑफिसातून आला तो हातात छापलेला कागद नाचवतच.

“ही बघ तुझी ट्रेन. समुद्र बघायचाय ना तुला? हे काळं काळं काय आहे? बोगदे! गावागावांमध्ये सगळा डोंगर पोखरलेला आहे. बोगदा संपला की जरा उजेड, की परत बोगदा. आणि गाडीचा रस्ता बघ, वरून जातो. अख्खा समुद्र पायाखाली. आता बोल.”

पुस्तकात ट्रेनचे गोडवे होते, बोगद्यांचं एवढं नव्हतं. किंवा असेल, मीच सोयीचं तेवढं वाचलं असेल. दुसऱ्या दिवशी डबा खाताना अँजेलाला विचारलं. ती हसली. “हो, बोगदा, समुद्र, बोगदा, समुद्र. लहानपणी आम्ही दर वेळी ओरडायचो. आजी आमची तोंडं दाबायची.”

म्हणजे प्रफुल्लचं खरं होतं.

त्या संध्याकाळी घरी येताना मी कॅसेट लावली नाही. काचेला डोकं टेकून बसले. बाहेर नेहमीचंच, गोदामांच्या पाठी, गंजलेले पूल, कोणाच्या तरी अंगणातला मोडका झोका. यातलं काहीच बघण्यासारखं नाही आणि गेली कित्येक वर्षं मी ते सगळं रोज बघतेय. मन लावून. मला त्या झोक्याचा रंग माहीत आहे. ग्रँड कॅन्यनचा मला नक्की सांगता येणार नाही.

तेव्हा माझं ठरलं. वरच्या रस्त्यावरून अख्खा समुद्र दिसतो हे कबूल, पण कोणाला? चाकावरच्या माणसाची नजर वळणावर आणि कागदावरच्या माणसाची कागदावर. बोगद्यांमधून तुकड्यातुकड्याने का होईना, तो मला तरी दिसेल.

घरी आल्यावर चपला काढता काढताच सांगितलं, “तुमचं बरोबर आहे. बोगदे आहेत. तुम्ही गाडीने या, मी ट्रेनने जाते. संध्याकाळी हॉटेलवर भेटू.”

“काय बोलून राहिली तू?” प्रफुल्ल म्हणाला. चिडला किंवा घाबरला की तो थेट नागपुरात जातो. या वेळी दोन्ही असावं.

“मिलानपासून आपापलं जायचं. हॉटेल एकच. जेवायला एकत्र.”

“एकटी जाशील? परदेशात?”

“मी रोज एकटीच जाते. हाही परदेशच आहे.”

त्याने मुलीला फोन लावला. स्वानंदी तेव्हा बॉस्टनला शिकत होती. तिने आधी त्याचं ऐकलं, मग फोन माझ्याकडे मागितला.

“आई, आर यू गाईज ओके? लाइक, रिअली ओके?”

“आम्ही मस्त आहोत. तुझ्या बाबांना गाडी हवीय, मला ट्रेन.”

“सो जस्ट टेक द ट्रेन! बाबा कॅन सर्व्हाइव्ह.”

“तेच तर चाललंय.”

“नो, आय मीन टुगेदर, आई!”

ते मात्र माझ्या हातात नव्हतं. पुस्तकात होतं की रेल्वेचा पास इथूनच मागवता येतो. मी मागवला. एकाच नावाचा. पाकीट आलं तेव्हा मी ते फ्रिजवर चुंबकाने लावलं. प्रफुल्लने दूध काढताना ते पाहिलं, दूध परत ठेवलं आणि वर जाऊन कंप्युटरवर गाडी बुक केली.

ऑक्टोबरात आमचा धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम असतो. जवळच्या शनिवारी एका शाळेचा हॉल घेतो. पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, कोणाचं तरी भाषण, मुलांचे नाच, आणि मग प्रत्येकीने आणलेलं जेवण लांब टेबलांवर. मी खीर नेते. वंदना संपते न संपते तोच लता माझ्याजवळ सरकली. लता आणि तिचा नवरा कृष्णा हे आमचे इथले सगळ्यात जुने स्नेही. लताला कुजबुजता येत नाही, तिची कुजबुज मागच्या रांगेपर्यंत जाते.

“शोभा, काय ऐकतेय मी? तुम्ही वेगळे जाताय?”

“जातोय एकत्रच. फक्त वेगवेगळे.”

“म्हणजे काय गं?”

“म्हणजे गाडीत मी नकाशा वाचणार नाही. आयुष्यात परत कधीच नाही.”

मला वाटलं, आता उपदेश येणार. लता हातातल्या कागदी प्लेटची कड मोडत राहिली. “स्मोकी माउंटन्सला गेलो होतो ना आम्ही,” ती म्हणाली, “फोटोत बघितलं मी नंतर, केवढी सुंदर झाडं होती.”

तिच्या पलीकडे उपासना बसली होती. नवीन लग्न होऊन आलेली, वयाने माझ्या मुलीएवढी. ती म्हणाली, “मावशी, मला तर वाचायला लागलं की मळमळतं. हे म्हणतात, सवय होईल.”

“होते,” मी आणि लता एकदम म्हणालो, आणि मग एवढं हसलो की पुढच्या टेबलावरचे पुरुष वळून बघायला लागले.

तिकडे पुरुषांचं एकमत झालेलं होतं. गाडीशिवाय युरोप म्हणजे काय युरोप! प्रत्येकजण प्रफुल्लच्या पाठीवर थाप मारत होता. फक्त कृष्णाने, खीर वाढून घेता घेता, सहज विचारलं, “ऑटोमॅटिक सांगितलीस ना रे? तिकडे न सांगता देत नाहीत. गिअरवालीच देतात.”

प्रफुल्लचा चमचा जागच्या जागी राहिला.

आमच्याकडे इथे ही एक गंमत आहे. आमच्या वयाचे पुरुष भारतात दुचाकीवर वाढले आणि चारचाकी शिकले ते एकदम अमेरिकेत. त्यामुळे गाडी म्हणजे एक्सिलेटर आणि ब्रेक, डाव्या पायाला सुट्टी. हे कोणी उघडपणे बोलत नाही. एवढ्या मोठ्या देशात एवढे हजारो मैल चालवल्यावर, आपल्याला क्लच येत नाही असं कोण कबूल करेल?

“गिअर मला कोणी शिकवू नये,” प्रफुल्ल म्हणाला. “नागपुरात इंदोरा ते सदर रोज बजाज चालवलीय मी. भर उन्हाळ्यात.”

“बजाज स्कूटर,” कृष्णा म्हणाला.

“क्लच तो क्लच!”

सोमवारी त्याने रेंटलवाल्यांना फोन केला. त्या आठवड्यात ऑटोमॅटिक शिल्लक नव्हती. मी हे जिन्यात उभी राहून ऐकलं आणि पुढे जाऊन काही बोलले नाही. खरं सांगायचं तर बोलण्यासारखं बरंच सुचलं होतं.

कृष्णाकडे एक जुनी हिरवी होंडा होती, गिअरवाली. मुलाने कॉलेजात घेतलेली आणि मागे टाकलेली. रविवारी सकाळी आम्ही बंद पडलेल्या एका फर्निचरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये जमलो. अवाढव्य जागा, एकही गाडी नाही, फटींतून गवत आलेलं. प्रफुल्लने चल म्हटलं नव्हतं, पण बूट घालून दाराशी रेंगाळत होता, म्हणून मी थर्मासमध्ये चहा भरला. होंडात मी मागे बसले. प्रफुल्ल चाकावर, कृष्णा त्याच्या शेजारी.

“डावा पाय पूर्ण दाब. पहिला टाक. आता पाय हळू सोड... हळू... प्रफुल्ल, हळू!”

गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि मेली. पुन्हा सुरू. पुन्हा उडी. माझ्या मांडीवरचा थर्मास खाली गडगडला.

मागे बसले होते म्हणून मला जे दिसत होतं ते कृष्णाला दिसत नव्हतं. दर वेळी गाडी धडपडायला लागली की प्रफुल्लची डावी मूठ स्टिअरिंगवर घट्ट आवळली जात होती. पाय विसरायचा, पण हात विसरत नव्हता. स्कूटरचा क्लच डाव्या हातात असतो. तो हात इतक्या वर्षांनी, न्यू जर्सीत, तो क्लच दाबत होता.

लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा त्या स्कूटरवर मी मागे बसायचे. एका बाजूला पाय सोडून. मी औरंगाबादची, मला नागपूरचा एकही रस्ता माहीत नव्हता आणि कोणी विचारतही नव्हतं. प्रफुल्ल चालवायचा आणि मान न वळवता मागे बोलत राहायचा, ही आमची शाळा, हे संत्र्याचं मार्केट, इथे बाबांनी मला मारलं होतं. मी बघत राहायचे. कधी चुकलो असूच आम्ही. मला एकदाही कळलं नाही.

ती आवळलेली मूठ बघितली आणि मी विरघळले. राहू दे, म्हणावं, जाऊ या गाडीने, वाचते मी कागद, एवढी वर्षं वाचले, आणखी एकदा. शब्द अगदी ओठांवर आले होते.

तेवढ्यात कृष्णाने दार उघडलं. “माझं डोकं गरगरतंय यार. कॉफी घेऊन येतो चालत. तू कर प्रॅक्टिस.”

तो गेला. प्रफुल्लने शेजारची रिकामी सीट थोपटली. “ये ना पुढे.”

मी खाली उतरले, पण पुढच्या दाराकडे गेले नाही.

“नको,” मी म्हटलं. “तिथे एकट्यानेच चालवायचीय ना तुम्हाला? तशीच सवय करा.”

“शोभा, आता हद्द झाली.”

“मी इथेच आहे. कुठे जात नाही.”

मी सिमेंटच्या कठड्यावर बसले आणि चहा ओतून घेतला. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने किल्ली फिरवली. उडी, आणि बंद. पुन्हा. गाडीच्या काचा बंद होत्या, त्यामुळे तो आत काही बोलत होता का ते कळलं नाही. मग कधीतरी उडी न मारता गाडी निघाली. कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, वळताना बंद पडली. सुरू झाली. दुसरा गिअर पडल्याचा आवाज मला बसल्या जागी आला. अख्ख्या मैदानाला फेरी झाली, मग आणखी एक, आणखी एक. माझ्यासमोरून जाताना त्याने हॉर्न वाजवला. पोरगाच झाला होता.

मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. आणि आत कुठेतरी मला हेही दिसत होतं की झालं, आता याला गाडी येते, आता हा गाडीने जाणार, आणि मी ट्रेनने. बोललेलं खरं करावं लागणार. मिलानच्या स्टेशनवर मी एकटी उभी. ठीक आहे. राहीन उभी.

तो माझ्याजवळ येऊन थांबला, अगदी सफाईने, आणि काच खाली केली. कपाळावर घाम होता.

“जमली.”

“पाहिलं मी. छान चालवलीत.”

“आता तरी येशील?”

“नाही.”

त्याने इंजिन बंद केलं. कठड्यावर येऊन माझ्या शेजारी बसला आणि माझ्या कपातला चहा प्यायला.

“ट्रेनचं काय आहे सांगू तुला,” तो म्हणाला. “तिथे कोणाला तरी विचारावं लागतं. तिकीट कुठे, प्लॅटफॉर्म कुठला. मी इथे आलो ना पहिल्यांदा, तू यायच्या आधी, तेव्हा न्यूअर्कला खिडकीवर विचारलं. त्या माणसाला माझं कळेना. पुन्हा विचारलं. मागे ही रांग. तो हसला नाही गं, हसला असता तरी चाललं असतं. नुसता बघत बसला. मी जी समोर आली त्या ट्रेनमध्ये चढलो आणि ट्रेंटनला पोचलो.” त्याने कप माझ्या हातात दिला. “त्यानंतर आधी गाडी घेतली. गाडीत कोणाला काही विचारावं लागत नाही.”

“मला विचारता की.”

“तू काय परकी आहेस?”

एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्याने मला सांगितली नव्हती. ट्रेंटन मला फक्त एक्झिटवरच्या पाटीपुरतं माहीत होतं.

“मग तिथे मी विचारीन,” मी म्हटलं. “दोवे इल बिनारिओ? प्लॅटफॉर्म कुठे. मला येतं.”

“आणि त्याने उत्तर दिलं तर? ते कळेल?”

“नाही. कॅसेटवाला फार हळू बोलतो. पण मी तीनदा विचारीन. चारदा विचारीन. मला नाही लाज वाटत. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा.”

तो जमिनीवरच्या गवताकडे बघत होता. “आत्ता ना,” तो म्हणाला, “एकटा होतो आत. गाडी बंद पडायची. ओरडायला शेजारी कोणीच नाही.”

“मग?”

“मग काय. परत सुरू करायचो. एवढंच असतं ते.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला अजून पुढे काही म्हणायचं होतं, आणि ते त्याला जमणार नव्हतं, हे मला दिसत होतं. क्लचपेक्षा अवघड गोष्टी असतात. मी कपात चहा ओतला आणि त्याच्यापुढे धरला. या वेळी पहिला घोट त्याला.

कृष्णा कॉफीचे कप सांभाळत आला. “काय, आली का?”

“आली,” प्रफुल्ल म्हणाला. “एक नंबर आली. विचार हिला.”

“मग झालं! आता गाडीनेच जा.”

“नाही. गाडी कॅन्सल करतो उद्या.”

कृष्णाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अरे, मग माझा क्लच कशाला जाळलास?”

“येत नाही म्हणून जात नाही, असं नको होतं मला,” प्रफुल्ल म्हणाला. “येतं, पण जात नाही. आता बरोबर आहे.”

घरी निघालो ते आमच्या गाडीतून. चाकावर तो, शेजारी मी, हात मोकळे. रूट सत्तावीसवरचा सिग्नल लाल झाला. त्याच्या डाव्या पायाने सवयीने खाली काहीतरी शोधलं आणि तो स्वतःशीच हसला.

“ट्रेनमध्ये समुद्र कुठल्या बाजूला येतो?” त्याने विचारलं.

“जाताना उजवीकडे. येताना डावीकडे.”

“मग जाताना खिडकीशी मी.”

“नाही. जाताना मी. येताना तुम्ही.”

“नोव्हेंबर आहे. येताना अंधार पडला असेल.”

“मग लवकर निघू.”

“बघू.”

“बघू नाही.”

मागच्याने हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा झाला होता. प्रफुल्लने आरशात पाहिलं, घाई केली नाही.

“बरं बाई,” तो म्हणाला, “जाताना तू,” आणि गाडी पुढे घेतली.